काळ्या काचेमागचा चष्मा

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोऱ्याला लागायला तासभर घेते, आणि त्या तासात नजरेला लोखंडच लोखंड पडतं. मागे माझगाव डॉकच्या क्रेन राहतात, वाटेत जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या येतात, घारापुरीच्या पलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदराचे उंच सांगाडे दिसतात आणि मग मोऱ्याचा धक्का. दिवेलागणीची लाँच असली तर दोन्ही काठांवर मधूनच निळसर पांढरा उजेड लखलखतो आणि विझतो. १९७२ साली नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका याच पाण्याच्या एका काठावर, माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. दुसऱ्या काठावर १९८९ मध्ये मोठं बंदर सुरू झालं आणि उरणच्या शेतांच्या जागी कंटेनरांची यार्डं आली. युद्धनौकेचा पत्रा असो, चेपलेला कंटेनर असो की कोळ्याच्या होडीचं सुकाणू, सगळं जोडलं जातं ते याच उजेडात. त्याच्याकडे बघायचं नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक पोराला चालता येण्याआधी सांगितलेलं असतं. पण एका माणसाला दिवसभर तिकडेच बघावं लागतं. हे लिहिणं त्याच्या डोळ्यांविषयी आहे.

मोरा माझं आजोळ. धक्क्यापासून थोड्या अंतरावर मामाचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, ग्राइंडर, ड्रिल आणि बाहेर उघड्यावर पसरलेलं काम. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जायच्या, शाकारल्या जायच्या, आणि मामाचा हंगाम सुरू व्हायचा. लाकडी होडीतही लोखंड पुष्कळ असतं: सुकाणूच्या बिजागऱ्या, जाळं ओढायच्या विंचची चौकट, इंजिनाच्या बैठकीचे अँगल. खारं पाणी या सगळ्याला वर्षभर खात असतं. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळं पुन्हा उभं राहिलं पाहिजे. पावसाची झड, घामानं भिजलेला सदरा, वाफाळलेली हवा आणि त्यात चाललेलं काम. शाळेच्या सुट्टीतले माझे शेवटचे दिवस तिथे जायचे. मी लहानपणापासून चष्मा लावते, त्यामुळे माझ्याकडे बोट दाखवून मामा त्याच्या हाताखालच्या पोरांना सांगायचा, “ही बघा, हिला डोल्यांची किंमत ठावं हाय.”

वेल्डिंग करताना डोळा नेमकं काय बघतो, ते मी पुढे एकदा मामाच्या स्क्रीनमधून पाहिलं. आधी अंधार. काळी काच समोर धरली की भर दुपारी काहीही दिसत नाही, स्वतःचा हातसुद्धा. मग रॉड लोखंडाला टेकतो, चरचर आवाज होतो आणि त्या काळोखात हिरवट उजेडाचं एक छोटं अंगण उघडतं. त्याच्या मध्यात रॉडचं टोक, टोकाखाली वितळलेल्या लोखंडाचा ओला, थरथरता ठिपका, आणि ठिपक्याच्या मागच्या कडेला गोठत जाणारी एकावर एक चंद्रकोरीसारखी वळणं. वेल्डरची सारी विद्या त्या ठिपक्यात असते. तो दोन्ही पत्र्यांना सारखा भिजवतो आहे ना, मळी त्याच्या पुढे तर धावत नाही ना, फट भरते आहे की वरवर नुसता थर चढतो आहे, हे ज्याला दिसतं त्याचा जोड टिकतो. ज्याला दिसत नाही त्याचा जोडही बाहेरून तसाच दिसतो, पण भर समुद्रात सुकाणूवर लाट आदळली की फरक कळतो.

या काचेला नंबर असतो. मामाच्या कामात १० किंवा ११ नंबरची काच लागायची; करंट वाढेल तसा नंबर चढता घ्यायचा. नंबरामागचं गणित मला फार नंतर कळलं आणि कळल्यावर थक्क व्हायला झालं. १० नंबरच्या काचेतून समोरच्या उजेडाचा सुमारे सात हजारावा हिस्साच डोळ्यापर्यंत पोचतो. एक नंबर वर चढलं की त्यातलाही तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक तेवढा उरतो. गॅस कटिंगला ४-५ नंबर पुरतो, सूर्यग्रहण बघायला १४ नंबर लागतो. म्हणजे सूर्याकडे बघायला जी काच लागते, तिच्याच चार पायऱ्या खालची काच लावून हा माणूस आयुष्यभर नोकरी करतो.

पण काळेपणा ही काचेची अर्धीच कामगिरी. खरी राखण ती करते ती न दिसणाऱ्या किरणांपासून. आर्कमधून, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या त्या लखलखाटातून, अतिनील किरण निघतात, तापवणारे अवरक्त किरण निघतात, आणि दोन्ही डोळ्याला कळत नाहीत. अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातच शोषले जातात आणि त्याची वरची नाजूक साय भाजून निघते. त्या वेळी काहीच दुखत नाही, हे त्यातलं सगळ्यात फसवं. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो. सहा ते बारा तासांनी, बहुधा ऐन मध्यरात्री, डोळ्यांत मूठभर वाळू भरल्यासारखं होतं. पाणी थांबत नाही, पापणी उघडवत नाही, कंदिलाचा उजेडही सुईसारखा घुसतो. आमच्याकडे त्याला वेल्डिंग लागलं म्हणतात. बर्फावरून परावर्तित झालेल्या उन्हानं हिमालयातल्या माणसाला आंधळं करणारं दुखणं आणि मोऱ्याच्या वेल्डरचं हे दुखणं वैद्यकशास्त्राच्या लेखी एकच आहे.

आणि ते फक्त वेल्डरला होत नाही. पत्रा धरून उभा असलेला हेल्पर, बाजूला जाळं शिवत बसलेला म्हातारा, गंमत बघायला थांबलेलं पोर, या सगळ्यांना ते लागतं. चकचकीत पत्र्यावरून उलटून आलेला उजेडही पुरतो. समुद्रावरच्या माणसांच्या डोळ्यांवर अतिनील किरणांचा मारा तसाही आयुष्यभर चालू असतो. कोळीवाड्यात जुन्या माणसांच्या डोळ्यांत बुबुळाकडे सरकणारा वडस दिसतो, त्यामागे ऊन, वारा आणि पाण्यावरची चकाकीच असते. त्यात आर्कची भर पडू नये, इतकी तरी काळजी घेतली पाहिजे.

वेल्डिंग लागलं की घरातल्या बायका धावायच्या. बटाट्याचे काप, काकडीच्या चकत्या, गुलाबपाणी, आणि वाड्यात कुणी बाळंतीण असली तर तिच्या दुधाचे थेंब. त्या हातांमधली माया मी कधीही नाकारणार नाही. ओल्या गार फडक्यानं आणि अंधाऱ्या खोलीनं आराम पडतो, हे खरंच आहे. पण डोळ्यावरची ती साय आपली आपण एक-दोन दिवसांत भरून येते आणि श्रेय बटाट्याला मिळतं. उघड्या जखमेत कच्चं काही घातलं की जंतूंना वाट मिळते. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलच्या दुकानातून आणलेले बधिर करणारे थेंब. डॉक्टर ते तपासणीपुरते घालतात. घरी तेच वारंवार घातले तर दुखणं थांबतं, पण जखम भरायची थांबते, आणि दुखत नाही म्हणून माणूस तोच डोळा चोळत पुन्हा कामावर जातो. एक-दोन दिवसांचं दुखणं मग कायमच्या डागावर जाऊ शकतं. गार पट्टी, अंधार, चोळायचं नाही, आणि डॉक्टर. याच्या पलीकडे घरगुती काहीही नको.

मामाला तरुणपणी हे क्वचितच लागलं. तो काळजी घेणारा कारागीर होता. चाळिशी उलटल्यावर मात्र पुन्हा पुन्हा लागायला लागलं, आणि घरातल्या कुणालाच त्याचं कारण कळेना. इतक्या वर्षांचा हात, मग आता चूक का व्हावी? मी त्याच्या शेजारी बसून बघत राहिले तेव्हा ते उलगडलं. तो टाका मारताना काच बाजूला धरत होता. रॉडचं टोक नेमकं कुठे टेकवायचं ते त्याला काचेमागून दिसत नव्हतं, म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी जागा धरायची, ठिणगी पडली की काच समोर आणायची. मधला तो क्षण दिवसातून शेकडो वेळा यायचा. काच तर त्यानं ११ वरून ९ वर आणली होती. मी विचारलं, “मामा, तुला दिसत नाही का?” तो म्हणाला, “दिसतंय कुठं मना? हाताला ठावं हाय, तो नेतो.”

मला जे सांगायचं आहे ते या एका वाक्याभोवती आहे. डोळ्यांची सुरक्षा म्हणजे डोळ्यांपुढे काहीतरी आडवं धरणं, असं आपण समजतो. कारखान्यांत पाट्या असतात त्याही तेवढंच सांगतात. पण ज्याला आडव्या काचेमागून धड दिसत नाही, तो ती काच बाजूला करणारच, कारण त्याला काम करायचं असतं आणि ते चांगलं करायचं असतं. मामाचे डोळे निष्काळजीपणानं भाजत नव्हते. जोड बरोबर यावा या आग्रहापायी भाजत होते. म्हणून वेल्डरच्या बाबतीत धड दिसणं हीच पहिली सुरक्षा आहे आणि काळी काच दुसरी.

चाळिशीत डोळ्याच्या आतलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. हा आजार नव्हे, सगळ्यांनाच होतं. शिक्षकाला होतं, शिंप्याला होतं, ते चष्मा लावतात. कारकुनाच्या चष्म्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. वेल्डरची गोष्ट अशी की ज्या वयात हात पूर्ण तयार होतो त्याच वयात डोळा मागे पडतो, आणि त्याच्या धंद्यात चष्म्याला जागाच ठेवलेली नाही. मामा म्हणायचा, “आदीच काच काली, तिच्यामागं आनखी चष्मा कशाला?” त्याच्याजवळ चष्मा होता. पेपर वाचायला लावायचा आणि कामावर जाताना घरी ठेवायचा.

त्याला कारणंही होती. त्याचा चष्मा बायफोकल, म्हणजे जवळचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात. काळी काच बसवलेल्या हेल्मेटची खिडकी जेमतेम तळहाताएवढी आणि समोर. खालच्या भागातून खिडकीबाहेर बघायचं तर हनुवटी वर करावी लागते, आणि ती वर केली की हेल्मेटखाली गळ्याशी फट पडून तिथूनच उजेड आत शिरतो. सुकाणूची वरची बिजागरी डोक्याच्या वर असते, तिथे तर बायफोकल अगदीच निरुपयोगी. पाठीवर ऊन असलं की ते हेल्मेटच्या मागून शिरून चष्म्याच्या आतल्या बाजूवर चमकतं. जूनच्या हवेत श्वासाची वाफ भिंगावर बसते. धातूची काडी तापते, चष्मा घामानं नाकावरून घसरतो, आणि दोन्ही हात अडकलेले असताना तो वर सारायला बोट मोकळं नसतं. दुकानात बसून चष्मा करून देणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, आणि वेल्डर स्वतःहून सांगत नाही, कारण आपल्या कामाविषयी त्याला कुणी कधी विचारलेलं नसतं.

तरीही यातली एकही अडचण न सुटणारी नाही. वेल्डिंगच्या कामासाठी पूर्ण भिंगभर एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्यावा. नंबर काढताना वाचनाचं अंतर धरू नये. पुस्तक आपण साधारण चाळीस सेंटीमीटरवर धरतो, हेल्मेट घातलेल्या माणसाचा जोड बऱ्याचदा त्याहून लांब असतो. म्हणून वाचनापेक्षा थोडा कमी नंबर त्याला बरा पडतो. रॉड धरल्यासारखा हात पुढे करून डोळ्यापासून मुठीच्या पुढपर्यंतचं अंतर टेपनं मोजून न्यावं आणि डॉक्टरला सांगावं. भिंग पॉलिकार्बोनेटचं असावं, फ्रेम धातूची नको, बाजूला आडोसा असलेली आणि मागे दोरी बांधता येणारी हवी. चष्मा नकोच असेल तर हेल्मेटच्या आत, काळ्या काचेच्या मागे बसणारं आयताकृती भिंग मिळतं. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असला किंवा तिरपा नंबर असला तर मात्र त्यानं भागत नाही, स्वतःचाच चष्मा लागतो.

पॉलिकार्बोनेटचं सांगते, कारण इथे मोठा गैरसमज आहे. हे स्वच्छ पारदर्शक भिंग अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतं. म्हणजे संरक्षण करायला वस्तू काळीच असली पाहिजे असं नाही. उलट रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल घालून टाके मारणारी पोरं मी पाहिली आहेत. त्या काळोखात बाहुली मोठी होते, आणि गॉगलचं प्लॅस्टिक किरण अडवणारं नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा अधिक आत जातं. आणि दुसऱ्या टोकाचा गैरसमज असा की नंबरचा चष्मा आहे, मग काच कशाला? चष्मा आर्कचा लख्ख उजेड थोपवू शकत नाही आणि बाजूंनी तर उघडाच असतो. काळी काच आणि चष्मा ही एकमेकांची जागा घेणारी नव्हेत. दोन्ही एकदम लागतात. उन्हात काळा पडणारा चष्माही या कामाला नको. अंगणातून आत आल्यावर तो निवळेपर्यंत माणूस दुहेरी अंधारात काम करतो.

आता मामाच्या मुलाकडे आपोआप काळं पडणारं हेल्मेट आहे. अशी हेल्मेटं स्वीडनमध्ये १९८१ साली आली. काच आधी फिकी असते, रॉड कुठे टेकतो ते दिसतं, आणि आर्क पेटताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ती गडद होते. ती फिकी असतानाही अतिनील किरण अडवलेलेच असतात. काच बाजूला करण्याचा मोह या एका यंत्रानं संपवला. पण दिसण्याचा प्रश्न नंबराचा असेल तर तो हेल्मेटनं सुटत नाही, हे त्या मुलालाही चाळिशीत कळेल.

मामाचा कामावरचा एक चष्मा माझ्याकडे आहे. मी आग्रहानं करून दिलेला, पूर्ण भिंगाचा. दिव्याखाली तिरपा धरला की उजव्या भिंगावर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. नखानं चाचपलं तर प्रत्येक ठिपका खडबडीत लागतो. एकेक ठिपका म्हणजे उडालेला लोखंडाचा वितळता कण, भिंगात रुतून थंड झालेला. यातले बहुतेक आर्क चालू असताना उडालेले नाहीत. आर्क संपल्यावर वेल्डर हेल्मेट वर करतो, हातोडीनं मळीची कपची उडवतो, ग्राइंडर फिरवतो, आणि डोळ्यात लोखंड जातं ते तेव्हा. गेलेला कण काढला तरी बुबुळावर गंजाचं कडं राहतं आणि ते डॉक्टरलाच खरवडून काढावं लागतं. त्या भिंगावरचा प्रत्येक ठिपका डोळ्यात जाऊ शकला असता. हेल्मेट खाली असो वा वर, चष्मा नाकावर राहतो, हा त्याचा मोठा गुण. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्या तरुणांमध्ये एक अफवा फिरते की आर्कच्या उष्णतेनं लेन्स डोळ्याला चिकटते. ती धादांत खोटी आहे. पण धूळ आणि धुराच्या जागेत लेन्सखाली कण अडकतो, म्हणून तिथे चष्माच बरा.

कामगाराच्या डोळ्याचा विचार मोठ्या माणसांनी केलेला नाही असं नाही. काचभट्टीपुढे उभं राहणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू होतो, म्हणून विल्यम क्रूक्ससारख्या शास्त्रज्ञानं उतारवयात उष्णतेचे आणि अतिनील किरण अडवणाऱ्या काचा शोधल्या आणि १९१३ साली रॉयल सोसायटीपुढे ते काम ठेवलं. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमात, उडणारे कण आणि तीव्र उजेड यांपासून डोळ्यांचं रक्षण करायला पडदे किंवा गॉगल द्यावेत असं म्हटलं होतं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगमधले अतिनील किरण माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत गणले. डोळ्यातल्या एका कर्करोगाचा त्यांच्याशी संबंध आहे. हे सगळं उजेड अडवण्याविषयी झालं. दिसण्याविषयीचा पुरावा वेगळ्याच ठिकाणाहून आला. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या पानं खुडणाऱ्या कामगारांना जवळचे साधे चष्मे दिले, आणि २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निकाल प्रसिद्ध झाला की चष्मे न मिळालेल्यांपेक्षा त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. पान ओळखायला जर चष्म्यानं एवढा फरक पडतो, तर वितळलेल्या लोखंडाचा ठिपका वाचायला किती पडेल!

पत्र्याच्या छपराखालच्या दोन माणसांच्या वर्कशॉपपर्यंत कारखान्याचा कायदा पोचत नाही. तिथे पोचतं ते नेत्रतपासणी शिबिर. उरण हा एके काळी पनवेल तालुक्याचाच पेटा होता, आणि डोळ्यांसाठी मोऱ्याची माणसं अजूनही पनवेलची वाट धरतात. शिबिरात माणसाला खुर्चीवर बसवून अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. मोतीबिंदू आहे का, लांबचा नंबर किती, जवळचा किती, हे लिहून घेतात. हे काम फार मोलाचं आहे. त्या कागदावर आणखी एकच रकाना हवा: काम काय करता, आणि ते काम डोळ्यापासून किती अंतरावर असतं? जाळं शिवणारीचं अंतर निराळं, विंच दुरुस्त करणाऱ्याचं निराळं, वेल्डरचं निराळं. आयटीआयमध्ये पोराच्या हातात होल्डर देताना त्याचे डोळे तपासावेत, आणि चाळिशीनंतर कामाचा वेगळा चष्मा लागणार हेही तिथेच सांगून टाकावं, म्हणजे त्या वयात त्याला आपला हात गेला असं वाटणार नाही.

मामाचा हात गेलेला नव्हताच. नवा चष्मा लावून काम सुरू केल्यावर त्यानं काच पुन्हा ११ नंबरची घातली, टाका मारताना ती जागची हलवणं सोडून दिलं, आणि रात्री-बेरात्री घरात बटाटे चिरायची पाळी येईनाशी झाली. कौशल्याला म्हातारपण येतं असं आपण फार लवकर ठरवतो. पुष्कळदा हाताला काहीच झालेलं नसतं, फक्त डोळ्यापर्यंत योग्य भिंग पोचलेलं नसतं. लाँचच्या शिडीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचा भरवसा कुणातरी वेल्डरनं नीट पाहिलेल्या जोडावर असतो. म्हणून त्याचा चष्मा ही त्याची एकट्याची, खिशातल्या पैशांतून जमेल तेव्हा करायची गोष्ट राहू नये. मालकानं हेल्मेटच्या किमतीत तो धरावा, शिबिरानं त्याचं अंतर मोजावं, आणि घरच्यांनी सकाळी डब्याबरोबर तो त्याच्या हातात द्यावा.